जखम, प्लेटलेट्स आणि लाल झाकणाची ट्यूब

भाजी चिरताना बोट कापलं की आपण ते दाबून धरतो. थोड्या वेळात रक्त थांबतं आणि वाटतं, प्लेटलेट्सचं काम झालं. पण त्यांचं निम्मं काम अजून बाकी असतं.

प्लेटलेटला केंद्रक नसतं, पण पोटात अल्फा ग्रॅन्यूल नावाच्या बारीक पिशव्या असतात. जखमेत उघड्या पडलेल्या कोलॅजनला प्लेटलेट चिकटली की या पिशव्या रिकाम्या होतात. त्यातून येणारे तीन ग्रोथ फॅक्टर लक्षात ठेवा. पीडीजीएफ हा मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट पेशींना जखमेकडे बोलावतो. टीजीएफ-बीटा फायब्रोब्लास्टकडून कोलॅजन बनवून घेतो. व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पुढे मॅक्रोफेज स्वतःच हे घटक बनवू लागतात, म्हणून काम अर्धवट राहत नाही.

हे कळलं कसं? १९७४ साली रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढवून पाहिल्या. गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये त्या भराभर वाढल्या. प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या प्लाझ्मापासून केलेल्या सीरममध्ये मात्र वाढ फारशी झाली नाही. प्लेटलेट्समधला ऐवज घातला, की वाढ परत सुरू!

हा प्रयोग मी वाचला होता, तरी पहिल्या वर्षी त्यातच फसलो. मधुमेही रुग्णांच्या रक्तातला पीडीजीएफ मोजायचा होता. नमुने घेतले लाल झाकणाच्या, म्हणजे सीरमच्या ट्यूबमध्ये. आकडे मस्त आले. गाइडनी एवढंच विचारलं, "हा पीडीजीएफ रुग्णाच्या रक्तात होता, की तुझ्या ट्यूबमध्ये सुटला?"

उत्तर नव्हतं. रक्त ट्यूबमध्ये गोठताना प्लेटलेट्सनी पिशव्या तिथेच रिकाम्या केल्या होत्या. चार महिन्यांचे नमुने बाद झाले. माझा वेळ गेला त्याचं एवढं नाही, पण पायाची जखम घेऊन आलेल्या माणसांनी विश्वासानं दिलेलं रक्त वाया गेलं, हे अजून टोचतं.

१९९७ साली अमेरिकेत मधुमेही पायाच्या जखमेसाठी पीडीजीएफचं जेल मंजूर झालं. तरी ते प्रत्येक जखमेला पुरत नाही, कारण जुनाट जखमेतली प्रोटीएज विकरं ग्रोथ फॅक्टरच तोडून टाकतात. इथे संशोधनाला भरपूर वाव आहे. तुम्ही या विषयात येणार असाल तर जरूर या. फक्त पहिली सुई टोचण्याआधी ट्यूबच्या झाकणाचा रंग बघा, आणि तोच का निवडला, हे वहीत लिहून ठेवा.