पिकते तिथे विकतेही! परळीच्या बाजारातला एक फेरफटका



मागच्या बाजाराला आपण परळीला गेला असाल. मोंढ्यात सोयाबीनची पोती टाकली, पट्टी घेतली, पोरांच्या वह्या आणि घरची साखर-चहापत्ती घेतली. एस.टी. सुटायला अवकाश होता म्हणून एखाद्या खानावळीत शिरलात. ताटात काय आले, ते जरा आठवा. ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वाटीभर ताक. आता सांगा, यातली कोणती वस्तू आपल्या शिवारात होत नाही? ज्वारी आपली, हरभरा आपला, मिरची, लसूण, भुईमूग आपला. मीठ तेवढे परके. तरीही त्या ताटासाठी आपण पैसे मोजले आणि त्यातला एकही रुपया फिरून आपल्या गावात आला की नाही, हे आपल्याला सांगता येणार नाही.

‘पिकते तिथे विकत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण पूर्ण खरी नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्या तालुक्यातच काय विकले जाते आणि कोण विकत घेतो, हे आपण कधी नीट फिरून पाहिलेले नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत आहे.

एक प्रसंग

माझी सारी नोकरी शेतीविस्ताराच्या कामात गेली. कोणते बियाणे, किती खत, केव्हा फवारणी, हे सांगत मी गावोगाव हिंडलो. एका वर्षी एका गावाला मी टोमॅटो लावायचा आग्रह केला. मंडळींनी ऐकले. रोपे चांगली निघाली, तार-बांबूची बांधणी झाली, पीक पाहत राहावे असे आले. पण सगळ्यांची लागवड एकाच पंधरवड्यातली, म्हणून सगळ्यांचा मालही एकदमच निघाला. सौद्यात भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. एका शेतकऱ्याने माझ्यादेखत चार क्रेट रस्त्याच्या कडेला ओतले.

त्याच दुपारी बसस्थानकाजवळच्या खानावळीत जेवायला बसलो, तर ताटात टोमॅटोची चटणी. मालकाला विचारले, टोमॅटो कुठून घेता? तो म्हणाला, “दुकानातून, साहेब. रोज पाच-सात किलो लागतो. तुमचा शेतकरी कधी दारात आलाच नाही.” संध्याकाळी परत त्या गावी गेलो. क्रेट ओतणारे गृहस्थ ओट्यावर बसले होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, पिकवायला शिकवलंत. विकायला कोण शिकवणार?”

पाच-सात किलोंनी त्या गावाचा टोमॅटो खपला नसता, हे मला कळते. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून बाजाराचा दिवस मी कचेरीत घालवायचे सोडून दिले. पाहून-विचारून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

परळीत जेवणारा कोण?

परळी हे काही साधे तालुक्याचे गाव नव्हे. बारा ज्योतिर्लिंगांत आपण ज्याची गणना करतो तो वैद्यनाथ येथे आहे. त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी 18 व्या शतकात केला. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी पायरीला पाय लागत नाही अशी गर्दी असते. शिवाय परभणीकडून आणि विकाराबादकडून येणारे रेल्वेमार्ग येथे मिळतात. औष्णिक वीज केंद्रामुळे कामगारांची वस्ती वाढली. 2015 साली पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा गावातल्या छोट्या हॉटेलवाल्यांनाही त्याची झळ लागली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, हा धडा त्यातून आपणही घ्यावा. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली. हा मार्ग पुढे परळीपर्यंत आणायचा आहे. तो आला की येथे उतरणारा माणूस वाढेल.

सुमारे 25 कि.मी.वर अंबाजोगाई आहे. तेथील योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता, त्यामुळे दूरदूरची कुटुंबे तेथे येतात. दुसऱ्या बाजूला गोदाकाठी संत जनाबाईंचे गंगाखेड आहे. म्हणजे एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात तीन मोठी जेवणारी गावे आपल्याभोवती आहेत. बाहेरून आलेल्या या माणसाला त्याच्या शहरात मिळते तेच नको असते. त्याला चुलीवरची गरम भाकरी हवी असते. सकाळी चुरमुऱ्याचा सुशीला, दुपारी येसराची आमटी, प्रवासात धपाटे आणि दही. हे आपल्या घरातले रोजचे जेवण आहे.

फेरफटका कसा मारावा?

पुढच्या बाजाराला एक काम करा. विकायचे काही नेऊ नका. नुसते पाहायला जा, पतीपत्नी दोघेही जा. भाव आणि निवड यातली बाईमाणसाची नजर पुष्कळदा अधिक तयार असते.

सकाळी लवकर पोहोचा. माळव्याचा सौदा कसा होतो ते पाहा. मेथीची जुडी सौद्यात काय भावाने गेली, ते वहीत लिहा. मग दहा वाजता त्याच मेथीचा किरकोळ भाव पाहा आणि दिवस मावळताना पाल उठू लागतात तेव्हाचा भावही लिहा. हे तीन आकडे चार बाजार ओळीने लिहिलेत तर जे कळेल, ते कोणत्याही भाषणातून कळणार नाही. कोणत्या पथारीपुढे बायका थांबतात, ते पाहा. माती झटकलेली, सारख्या आकाराची जुडी आणि ओल्या गोणपाटाखाली झाकलेली कोथिंबीर आधी संपते, हे आपल्या डोळ्यांना दिसेल.

दुपारी जेवायला बसा, तेही दोन ठिकाणी थोडे थोडे. भाकरी मोडून पाहा. कडा तुटत असतील आणि भाकरी फुगली नसेल, तर पीठ जुने आहे, त्याची विरी गेली आहे असे समजा. असे पीठ वापरणाऱ्या मालकाला ताजे पीठ हवे असते, फक्त आणून देणारा नसतो. गर्दी ओसरल्यावर गल्ल्यावर जाऊन चार प्रश्न विचारा. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, मिरची रोज किती लागते? कोणाकडून घेता? त्यात अडचण काय येते? पैसे केव्हा देता? गर्दीच्या वेळी विचाराल तर कोणीही उत्तर देणार नाही.

बहुतेकांचे उत्तर एकच असते. माल थोडा महाग पडला तरी चालेल, पण रोज ठरल्या वेळी आणि ठरल्याइतका यावा. शेतकरी नेमका येथेच कमी पडतो. माल आहे तेव्हा टोपली भरून देतो आणि लग्नसराईत आठ दिवस फिरकत नाही. म्हणून हे काम एकट्याने न करता तीन-चार घरांनी मिळून करावे. एकाची मिरची संपली तर दुसऱ्याची असेल.

हिशेब करून पाहू

केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, आपल्याजवळ मेथीच्या 100 जुड्या आहेत. सौद्यात 4 रुपयांनी गेल्या तर 400 रुपये आले आणि आपण नऊ वाजता मोकळे झालो. आता स्वतः बसून विकू. 60 जुड्या 10 रुपयांनी गेल्या, त्याचे 600. खानावळीने 25 जुड्या 8 रुपयांनी घेतल्या, त्याचे 200. उरलेल्या 15 सायंकाळी 4 रुपयांनी काढल्या, त्याचे 60. एकूण 860 रुपये. पण दिवसभर बसणाऱ्या माणसाची मजुरी 300 रुपये आणि जागेची पावती 20 रुपये धरा. हाती राहिले 540. म्हणजे खरा फायदा 140 रुपयांचा.

दुप्पट मिळाले म्हणून कोणी सांगेल, तर त्याने स्वतःची मजुरी धरलेली नाही. एकट्या मेथीवर दिवस परवडत नाही. पण मजुरी आणि जागा तीच ठेवून त्याच पथारीवर लिंबू, हिरवी मिरची, घरची तूरडाळ आणि ज्वारीचे ताजे पीठ मांडले, तर पुढची सारी कमाई आपली. टोपलीत चार जिनसा असाव्यात आणि त्यातल्या दोन न नासणाऱ्या असाव्यात. सगळा माल मात्र बाजारातच विकू म्हणून बसू नका. मोठा तोडा सौद्यातच जाईल. पाच-दहा हिस्से किरकोळीला लावून सुरुवात करा.

इतरांनी काय केले?

ही कल्पना माझी नाही. पंजाब-चंडीगढकडे 1987 साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. जुन्या आंध्र प्रदेशात जानेवारी 1999 मध्ये ‘रयतु बाजार’ निघाले. तेथे शेतकऱ्याला ओळखपत्र असते आणि त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहितात. तो सौद्यापेक्षा वर आणि किरकोळीपेक्षा खाली धरतात. परळीहून हैदराबादकडे जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सवड काढून एखादा रयतु बाजार अवश्य पाहावा. आपल्या राज्यात 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. माळवे आवारातच विकले पाहिजे, हे बंधन उरले नाही. त्याच वर्षी ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान’ सुरू झाले. वाट मोकळी आहे, चालणे आपल्याकडे आहे.

कोणत्या हंगामात काय न्यावे?

महाशिवरात्रीला उपवासाचे रताळे हातोहात जाते. रताळ्याला साडेतीन-चार महिने लागतात. म्हणून चार-पाच गुंठ्यांत वेलीचे तुकडे ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या आरंभी लावा. श्रावणात साबुदाण्याची खिचडी ठिकठिकाणी असते. साबुदाणा तमिळनाडूतून यायचाच, पण तिच्यातला शेंगदाणा आणि सोबतचे ताक आपले असू शकते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाचा काळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. ‘धारूर-6’ हा वाण तेथलाच. डोळे मोठे होऊन मधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळ तोडावे. पिकलेले फळ दोन-तीन दिवसही टिकत नाही, त्यामुळे ते जवळ विकण्यातच शहाणपण आहे.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो. ‘परभणी वसंत’ किंवा गुळभेंडी, सुरती अशा खास हुरड्याच्या ज्वारीची एखादी पट्टी पेरून ठेवा. भाकरीसाठी ‘परभणी मोती’ किंवा जुनी मालदांडी चालेल. थंडीत करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा घोळाणा यांना शहरातले गिऱ्हाईक शोधत येते. आपण मात्र ती बांधावरच सोडून देतो.

थोडी काळजीही हवी

तराजू-वजनांवर वैधमापन विभागाचा शिक्का असावा. मापात एकदा कमी दिलेत, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. धपाटे, चटण्या असे तयार अन्न विकायचे असेल, तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या. फवारणीनंतर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस गेल्याखेरीज भाजी तोडू नका. ती भाजी आपल्याच तालुक्यातले लेकरू खाणार आहे. खानावळीला उधार द्याल तर आठवड्याच्या वर देऊ नका आणि दोघांच्याही वहीत लिहा. उधारी महिन्यावर गेली की माल जातो आणि माणूसही तुटतो.

शेवटी एक गोष्ट

ज्या गृहस्थांनी टोमॅटो ओतले होते, त्यांच्या घरी पुढे पुष्कळदा जाणे झाले. टोमॅटो त्यांनी सोडला नाही, पण तो आता तीन टप्प्यांत लावतात. त्यांच्या पत्नीने मात्र निराळीच वाट काढली. घरची ज्वारी दोन दिवसांआड दळून ती त्या एका खानावळीला देऊ लागली. आरंभी पाच किलो. मालकाने पहिल्या दिवशी पीठ हातात घेतले, चोळले, वास घेतला आणि तिथल्या तिथे भाकरी थापून पाहिली. ती टम्म फुगली. पुढे पिठासोबत मिरची आणि शेंगदाणेही जाऊ लागले. या घराचे कर्ज त्याने फिटले असे मी म्हणणार नाही. पण दिवाळीनंतर गावातली निम्मी माणसे ऊसतोडीला गेली, त्या वर्षी हे घर गेले नाही. पोरांची शाळा बुडाली नाही. मला विचाराल तर एवढे पुष्कळ झाले.

तेव्हा पुढच्या बाजाराला वही-पेन्सिल घेऊन निघा. जेवायला बसलात की भाकरी मोडण्याआधी मालकाला एकदा विचारा, “ज्वारी कुणाची?” आणि तो ‘दुकानातली’ म्हणाला, तर आपल्या गावाचे नाव सांगून या.