महापुरात नळ कोरडे का पडतात?

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर पुरानं वेढलं होतं आणि लोक टँकरची वाट बघत होते. कारण साधं होतं: शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रं नदीकाठची. नदी चढली, पंप बुडाले. नदीच्या उपशाआधी मात्र एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कळंबा तलावाचं पाणी उतारानं शहरात येई. पंप नाही, वीज नाही. शहर वाढलं, तसा नदीचा उपसा मुख्य झाला. गरजेपोटीच, पण सगळी भिस्त पूररेषेच्या आतल्या केंद्रांवर आली.

आता काळम्मावाडी धरणातून सुमारे 53 किलोमीटरची थेट पाईपलाईन आहे. 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचलं. मग जुनी केंद्रं हवीत कशाला? कारण हे पाणीही आधी पंपानंच उचलावं लागतं. वीज गेली किंवा एवढ्या लांबीत कुठं गळती लागली की पुरवठा अडतो. म्हणून जुनी केंद्रं हवीत, आणि कळंब्याचं उताराचं पाणीही राखीव हवं. ते सगळ्या शहराला पुरणार नाही, हा आक्षेप खरा. पण अडीनडीला दवाखाने आणि जवळच्या वस्त्या तगल्या तरी पुष्कळ झालं. माझ्या मते खरा खर्च जुनी केंद्रं पूररेषेच्या वर नेण्यावर व्हावा. तुमच्या पेठेत पाणी कुठून येतं?