विमानातील टाकीचे आधार

बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. या रस्त्याने मालमोटारी रात्रंदिवस ये-जा करीत असतात. चहापाण्यासाठी थांबलेल्या एखाद्या मालमोटारीच्या बाजूला पाहिले, म्हणजे डिझेलची मोठी टाकी दिसते. ती नुसती ठेवलेली नसते. खालून लोखंडी आधार, भोवती रुंद पोलादी पट्टे आणि पट्टा व टाकी यांच्यामध्ये रबराची जाड पट्टी, अशी तिची बांधणी असते. हे रबर झिजून गेले, की पोलाद टाकीच्या पत्र्यावर घासू लागते आणि एके दिवशी डिझेल ठिबकू लागते. अशा वेळी मालमोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला आकाशात असे उभे राहता येत नाही.

याच महामार्गाने उत्तरेस गेले, की बीड आणि छत्रपती संभाजीनगर मागे टाकून रस्ता धुळ्यास पोहोचतो. धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० साली एका आगळ्या विमानाने चाचणीची उड्डाणे केली. हे विमान कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने ते मुंबईत, कांदिवली येथील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. इमारत पाच मजल्यांची आणि तिला लिफ्ट नाही. त्यामुळे यंत्रे व अवजारे अरुंद जिन्याने वर न्यावी लागली. सहा आसनांचे हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली.

घरी विमान बांधणारे हौशी लोक जगातील अनेक देशांत आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष त्या विमानाच्या पंखांकडे आणि पंख्याकडे जाते. पंखाच्या पोटात दडलेल्या टाकीकडे, आणि त्या टाकीला धरून ठेवणाऱ्या हाताएवढ्या ब्रॅकेटांकडे, सहसा कोणी पाहत नाही. ब्रॅकेट म्हणजे पत्रा काटकोनात वळवून केलेला आधार. त्याची एक बाजू टाकीला जोडलेली असते, तर दुसरी पंखाच्या मुख्य तुळईला. दिसायला वस्तू क्षुल्लक. परंतु तिच्यावर पडणारा भार क्षुल्लक नसतो.

विमानाचे पेट्रोल पाण्याहून हलके असते. एका लिटरचे वजन सुमारे ७२० ग्रॅम भरते, म्हणजे शंभर लिटर पेट्रोल ७२ किलोंचे होते. विमान स्थिर उभे असताना ब्रॅकेटांना एवढेच ओझे पेलावे लागते. हवेत मात्र हिशेब बदलतो. झोका खाली येऊन पुन्हा वर जाऊ लागतो, तेव्हा बसलेला मुलगा फळीवर जोराने दाबला जातो व दोरही अधिक ताणला जातो. विमान सूर मारून वर वळले, किंवा वाऱ्याचा जोरदार झोत त्यास खालून लागला, तरी तसेच घडते. पुष्कळशी लहान विमाने ३.८ पट भार सोसतील अशा बेताने आखलेली असतात. मग ७२ किलोंचे ओझे सुमारे २७४ किलोंचे होते. त्यावरही आखणी करणारा दीडपट ताकद राखून ठेवतो; म्हणजे आधार तयार करायचे ते जवळजवळ ४१० किलोंसाठी!

शिवाय इंजिनाची थरथर क्षणभरही थांबत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकवली, की हातात दोन तुकडे येतात. धातूच्या या थकव्याने मोठमोठे विद्वानही एकदा चकित झाले होते. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर मोडून पडली. संशोधकांनी त्याच जातीच्या एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या प्रचंड हौदात ठेवला आणि उड्डाणात येणारा दाब त्यावर पुनःपुन्हा आणून पाहिला. अखेर त्याचे कवच खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले.

म्हणूनच घरी विमान बांधणारा माणूस एकेका भोकासाठी वेळ घालवतो. तो टाकी पंखात बसवून पाहतो, ब्रॅकेट जागच्या जागी तात्पुरत्या खिळांनी धरतो, आणि प्रथम बारीक भोक पाडून मग ते मोठे करतो. भोक पत्र्याच्या काठाला फार जवळ असता कामा नये. रिव्हेटचा व्यास तीन मिलिमीटर असेल, तर भोकाचा मध्य काठापासून निदान सहा मिलिमीटर आत हवा. नाहीतर भार येताच पत्रा काठाकडे फाटतो. भोकाभोवती उरलेली धातूची धारही काढून टाकावी लागते, कारण तडा तेथूनच सुरू होतो. आणि धातूचा कीस? त्याचा एक कणही टाकीत राहिलेला चालत नाही. तो पेट्रोलबरोबर वाहत जाऊन नळी तुंबवतो, आणि पेट्रोल असूनही इंजिन बंद पडते.

इतके घट्ट बसवायचे, तर सर्वच बाजूंनी टाकी करकचून आवळावी, असे कोणासही वाटेल. तसे केले तर टाकीच फुटते! उड्डाणात पंख थोडा वर वाकत असतो. टाकीला त्याबरोबर किंचितही हलता आले नाही, तर सारा ताण तिच्या सांध्यांवर येतो व तेथून पेट्रोल पाझरते. यासाठी काही विमानांत एखाद्या ब्रॅकेटाला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवतात. काही ठिकाणी धडाजवळच्या ब्रॅकेटाची ही खाच एका बाजूने मोकळीच असते. अपघातात पंख मागे रेटला गेला, तर टाकी त्या खाचेतून सुटते. ब्रॅकेट तिचा पत्रा ओरबाडून नेत नाही. पेट्रोल सांडले नाही, तर आग लागण्याचा धोकाही पुष्कळ टळतो. घट्ट धरणे आणि वेळ येताच सोडून देणे, ही दोन्ही कामे त्या वीतभर पत्र्याकडे असतात.

ब्रॅकेट व सांधे बसले, भेगा बुजवणारा लेप वाळला, की टाकीची परीक्षा होते. तिची इतर तोंडे बंद करून आत थोडी हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला, तर तेथे गळती आहे. काही जण टाकीच्या तोंडावर रबरी फुगा बांधून ठेवतात व तो सैल पडतो का, हे पाहतात. यात मात्र एक फसगत आहे. पहाटेच्या गारव्याने आतील हवा आक्रसते व फुगा गळती नसतानाही मलूल होतो. उन्हे चढली, की तो पुन्हा ताठ होतो. जाणता माणूस म्हणूनच फुग्याइतकेच हवामानाकडेही लक्ष ठेवतो.

शेवटी बोल्ट आवळायचे, तेही हाताच्या अंदाजाने नव्हे. त्यासाठी जोर मोजणारा पाना असतो. आवळून झाले, की नटावरून ब्रॅकेटावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात. पुढे कधी तपासणी करणाऱ्यास ही रेघ मधोमध तुटलेली आढळली, तर नट फिरला आहे हे त्यास पाना न लावताच कळते, आणि त्या दिवशी विमान जमिनीवरच राहते.