बाटलीवरचा शिक्का कशाची हमी देतो?

फ्रान्सच्या पूर्वेला, व्होज डोंगररांग आणि ऱ्हाइन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात अल्सास हा वाइनचा प्रदेश आहे. पश्चिमेकडून येणारा पाऊस व्होज अडवतो, म्हणून इथलं कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत मोडतं. हवा कोरडी असली की वेलीवर बुरशीचा जोर कमी राहतो आणि कृत्रिम औषधांवाचून बाग सांभाळणं जमतं. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाइन इथे रुजली, त्यात बागायतदारांच्या निष्ठेइतकाच या हवामानाचाही वाटा आहे. ओलसर बोर्दोमध्ये हेच व्रत कितीतरी महाग पडतं. पण हे व्रत स्वस्त पडो की महाग, प्रमाणपत्राचा शिक्का चवीची किंवा प्रकृतीची हमी मानणं चूक आहे. तो हमी देतो ती बागायतदाराने पाळलेल्या बंधनांची, आणि त्याचं मोलही तेवढ्यातच आहे.

ही बंधनं काही नावापुरती नाहीत. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बागेला तीन वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. कृत्रिम तणनाशकं आणि खतं वर्ज्य, शिवाय दरवर्षी तपासणी. २०१२पर्यंत युरोपात हे नियम बागेच्या बांधावरच थांबत. त्या वर्षापासून ते वाइन बनवण्याच्या प्रक्रियेलाही लागू झाले. साखर जवळजवळ न उरलेल्या रेड वाइनमध्ये एरवी लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं रसायन, चालतं; सेंद्रियमध्ये १००.

बायोडायनॅमिक पद्धत मात्र हसण्यावारी नेली जाते. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांतून ती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते शरद ऋतूत पुरायचं, वसंतात उकरायचं, मूठभर शेण पाण्यात तासभर दोन्ही दिशांनी घुसळून शिंपडायचं. कॅलिफोर्नियातल्या मर्लो द्राक्षांच्या बागेत बरीच वर्षं तुलना झाली; सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक मातीच्या प्रतीत फरक सापडला नाही. शिंगाचा दावा इथे लंगडा पडतो, हे मान्यच करायला हवं. पण डिमीटर या संस्थेचं बायोडायनॅमिक प्रमाणपत्र नुसत्या शिंगावर मिळत नाही. त्यासाठी अख्खी शेती त्या पद्धतीखाली आणावी लागते, तांब्याच्या फवारणीची मर्यादाही अधिक कडक असते. उपयोग या शिस्तीचा आहे.

याहून गंभीर आक्षेप तांब्याचाच. डाउनी या द्राक्षवेलीच्या रोगावर सेंद्रिय बागेतही बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारतात. नाशिकच्या बागायतदाराला हे नवं नाही. तांबं विघटित होत नाही, मातीत साठत जातं. पावसाने फवारा धुऊन गेला की पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा डिझेल. युरोपात सर्वांनाच सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे; डिमीटर वर्षाला सरासरी तीन किलोवर थांबवतं. म्हणजे 'सेंद्रिय' याचा अर्थ 'बिनफवारणीची' असा होत नाही. फवारलं काय आणि किती, याचा हिशेब तपासनिसापुढे मांडावा लागतो, एवढं मात्र नक्की.

ग्राहकाने जास्तीचे पैसे या हिशेबासाठी मोजावेत. प्रकृतीसाठी मोजू नयेत. शिक्का कोणताही असो, अल्कोहोल अल्कोहोलच असतं.