हवेतील सूक्ष्म कण आणि मोसमी पाऊस

भारतातील वार्षिक पर्जन्यमानापैकी सुमारे ७५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. देशातील जवळपास निम्मे लागवडीखालील क्षेत्र आजही या पावसावरच विसंबून आहे. त्यामुळे हवेचे प्रदूषण हा केवळ शहरी आरोग्याचा प्रश्न राहत नाही. तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या उत्पन्नाशीही निगडित आहे.

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना ‘एरोसोल’ म्हणतात. धूळ व समुद्री मीठ हे मुख्यतः निसर्गनिर्मित कण होत. सल्फेट आणि काजळी मात्र प्रामुख्याने कोळसा, डिझेल, चुलीतील सरपण व पिकांचे अवशेष यांच्या ज्वलनातून निर्माण होतात. १९९९ मधील ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेत उत्तर हिंदी महासागरावर अशा कणांचा सुमारे ३ किलोमीटर जाडीचा तपकिरी थर आढळला.

परिणामाचे तीन मार्ग

पहिला मार्ग सूर्यप्रकाशाचा. कणांमुळे जमिनीपर्यंत कमी ऊन पोहोचते. जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक घटल्याने मोसमी वारे मंदावतात. समुद्रावरील बाष्पीभवनही कमी होते.

दुसरा मार्ग ढगांचा. बाष्प कणांभोवती साचून थेंब बनतात. कण वाढल्यास तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत विभागले जाते. उथळ ढगांत असे थेंब पावसाइतके मोठे होत नाहीत. उंच ढगांत मात्र पाऊस लांबून पुढे जोरदार कोसळू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानांद्वारे याच प्रक्रियेचा अभ्यास केला आहे.

तिसरा मार्ग उष्णतेचा. काजळी ऊन शोषून वरची हवा तापवते. हिमालयाच्या पायथ्याशी ही उष्णता मोसमाच्या प्रारंभी बाष्प उत्तरेकडे खेचते, असे २००६ मध्ये मांडले गेले. त्यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

धोरणात्मक अर्थ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातील मोसमी पाऊस क्षीण होण्यास मानवनिर्मित कण कारणीभूत ठरले, असा निष्कर्ष आंतरसरकारी हवामान बदल मंडळाने २०२१ मध्ये नोंदविला. तपकिरी थर आणि हरितगृह वायू या दोहोंमुळे भारतातील भात उत्पादनाला फटका बसल्याचे ऑफहॅमर, रामनाथन व व्हिन्सेंट यांनी २००६ मध्येच दाखविले होते.

कार्बन डायऑक्साइडचा प्रभाव शतकानुशतके टिकतो. हे कण मात्र साधारणतः काही दिवसांतच हवेतून निघून जातात. म्हणून उत्सर्जन घटविल्यास लाभ लवकर मिळतो. उज्ज्वला योजना (२०१६) व राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम (२०१९) यांकडे या दृष्टीनेही पाहावयास हवे. तथापि, केवळ सल्फेट घटल्यास त्याने झाकलेली तापमानवाढ उघडी पडते. त्यामुळे काजळी व हरितगृह वायू यांवरही त्याच वेळी नियंत्रण आवश्यक ठरते.