सात हजारांचं पिल्लू सहा दिवसांत गेलं, गावातली पिल्लं मात्र कुणी नेईना! कुत्र्यांचे भाव का वाढले, अन् फुकटचं कुत्रं मिळणंही अवघड का झालं?

कंधार : तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या आखाड्यावरचं जुनं कुत्रं म्हातारं होऊन मेलं. हरभरा वर आला की रानडुकरं येणार, गोठ्यात दोन म्हशी, चार शेळ्या. राखणीला कुत्रं तर पाहिजेच. पोरानं मोबाईलवर जाहिरात बघितली, सात हजार रुपये ऑनलाईन टाकले आणि बसस्टँडवर खोक्यातून आलेलं जर्मन शेफर्डचं पिल्लू उतरवून घेतलं. वय दीड महिना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी उलट्या, पाठोपाठ रक्ताची हगवण. सहाव्या दिवशी ते गेलं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्याच आठवड्यात त्याच गावात शाळेच्या पडक्या खोलीत एका गावठी कुत्रीनं पाच पिल्लं दिली होती. दोन नर लोकांनी नेले. एक पिल्लू ट्रॅक्टरखाली आलं. उरलेल्या दोन माद्यांना कुणी हात लावला नाही.

पैसे मोजून आणलेलं पिल्लू जगत नाही, आणि फुकट आहे ते कुणी नेत नाही. शहरातल्या एखाद्या संस्थेकडून सोडवलेलं कुत्रं आणावं म्हटलं, तर तिथं अटींची यादी हातात पडते. आज गावोगाव असंच चित्र आहे. यामागची कारणं आणि शेतकऱ्यानं काय करावं, ते समजून घेऊ.

पिल्लाला भाव कसा आला?

पूर्वी आपल्याकडं कुत्र्याचं पिल्लू विकत घेणं हा प्रकारच नव्हता. कुणाची कुत्री व्याली की पाहुण्या-रावळ्यांना सांगितलं जायचं, ज्याला गरज तो घेऊन जायचा. कुणी बदल्यात पायलीभर ज्वारी द्यायचं, कुणी नुसता नारळ. धनगर, हटकर मंडळींच्या कळपांवर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री अशीच हातोहात गेली. ज्या खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रं असतं, त्याच्या मुलखात कुत्र्याचा बाजारभाव काढणं लोकांना पटतही नसे.

आता चित्र बदललं. त्याची चार-पाच कारणं आहेत.

पहिलं कारण शहरातली मागणी. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये माणसं घरात अडकली आणि कुत्रं पाळण्याची हौस वाढली. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग ही नावं तालुक्याच्या गावापर्यंत आली. बिनकागदाचं लॅब्राडोर पिल्लूसुद्धा जाहिरातींत आठ-दहा हजारांपासून पुढं सांगितलं जातं. वंशावळीचे कागद असले तर भाव त्याच्या कितीतरी पट.

दुसरं कारण देशी जातींना आलेला मान. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजापालयम अशा भारतीय जातींची कुत्री पाळा, असं सांगितलं. मुधोळ म्हणजे आपली कारवानीच. लातूर-नांदेड पट्ट्यात कारवानी आणि लांब केसांची पश्मी पूर्वीपासून आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. तिथं बक्षीस घेतलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला पुढं वर्षभर विचारणा असते.

तिसरं कारण मधले दलाल. ज्याच्या घरी कुत्री व्याली त्याला एक भाव, गावातून उचलणाऱ्याचा दुसरा, शहरात विकणाऱ्याचा तिसरा. मोबाईलवर दिसतो तो भाव या तिघांचा मिळून असतो.

चौथं, खर्च खरोखर वाढला आहे. पिल्लांचं खाद्य, जंताचं औषध, लसीचे डोस, व्यालेल्या कुत्रीचा खुराक, काहीच स्वस्त राहिलेलं नाही. जो माणूस हे सगळं नीट करतो, त्याला पिल्लू स्वस्तात देणं परवडत नाही. म्हणूनच ‘जातवान पिल्लू, फक्त तीन हजार’ अशी जाहिरात दिसली की आधी शंका घ्यावी. तिथं लस किंवा वय, यातलं काहीतरी खोटं असण्याची शक्यता जास्त.

विकणाऱ्याला नियम आहेत

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकण्याआधी पिल्लाला ओळखीची मायक्रोचिप बसवायची, लसीकरणाची नोंद घेणाऱ्याच्या हातात द्यायची. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिच्यापासून पैदास घ्यायची नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घ्यायचे नाहीत.

सात हजारांचं ते पिल्लू दीड महिन्याचं सांगितलं होतं. म्हणजे विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं नियम मोडल्याचं कबूल केलं होतं. घेणाऱ्याला नियमच माहीत नव्हता, एवढंच.

आठ आठवड्यांची अट उगीच नाही. तोवर पिल्लू आईचं दूध पितं, भावंडांत राहून किती जोरात चावायचं ते शिकतं. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू अशक्त राहतं, पुढं भित्रं किंवा चावरं निघण्याची भीती असते. त्यात पार्वो हा विषाणूचा रोग अशा पिल्लांना लगेच धरतो. रक्ताची हगवण, उलट्या, आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ज्या आखाड्यावर पिल्लू पार्वोनं गेलं, तिथं लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.

मग संस्थेतलं कुत्रं का मिळत नाही?

शहरांत अपघातातली, टाकून दिलेली, आजारी कुत्री सांभाळणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्याकडं जागेपेक्षा कुत्री जास्त, तरी शेतकऱ्यानं फोन केला की बऱ्याचदा नकार येतो. त्यांच्या अटी साधारण अशा असतात : आधारकार्ड, घराचे फोटो किंवा व्हिडिओ कॉल, घरातल्या सगळ्यांची संमती, नसबंदी करण्याची हमी, कुत्रं दिवसभर साखळीला बांधायचं नाही, रात्री बाहेर ठेवायचं नाही, आणि अधूनमधून फोटो पाठवायचे.

आपल्या माणसाला याचा राग येतो. “आम्ही म्हशी सांभाळतो, बैल सांभाळतो, अन् कुत्रं सांभाळता येत नाही का?” असा सवाल असतो. तो रास्तच आहे. आखाड्यावरचं कुत्रं रात्री घरात झोपलं तर राखण कोण करणार?

पण संस्थेचीही बाजू आहे. दिलेली कुत्री महिन्याभरात परत येतात, काही परस्पर विकली जातात, काहींचा वापर नुसता पैदाशीसाठी होतो. शेतावरच्या कुत्र्याला वेगळे धोके असतात. रानडुकरांसाठी लावलेला फास, कुंपणात सोडलेली वीज, विषारी आमिष, रस्त्यावरची वाहनं. साखळीला बांधून ठेवलेलं कुत्रं साप आला तरी पळू शकत नाही. मरणातून वाचवलेलं जनावर पुन्हा तिथंच जाऊ नये, एवढीच त्यांची धास्ती असते.

बोलणं सुरू करताना “राखणीला कुत्रं द्या” म्हटलं की समोरचा माणूस मागं सरतो. त्याऐवजी आखाड्यावर माणूस मुक्कामी असतो का, कुत्र्याला सावली आणि आडोसा काय, दवाखाना किती लांब, किती वेळ बांधणार, हे आपणहून सांगितलं तर वाट निघू शकते. मोठं झालेलं, शांत, नसबंदी झालेलं कुत्रं मागितलं तर ते मिळण्याची शक्यता पिल्लापेक्षा जास्त. मोठ्या कुत्र्याला पार्वोचा धोकाही कमी.

खरी अडचण मात्र अटींच्या पलीकडची आहे. बहुतेक तालुक्यांत अशी संस्थाच नाही. पुण्या-मुंबईहून कुत्रं आणायचं तर गाडीभाडंच पिल्लाच्या किमतीएवढं होतं. म्हणजे दत्तक घेण्याची खरी जागा आपल्याकडं गावच आहे. शाळेमागं, हॉटेलमागं, बाजारतळावर.

मादी नको, म्हणूनच कुत्री वाढतात

गावात पिल्लू नेताना माणूस आधी शेपूट वर करून बघतो. नर असेल तर नेतो. मादी तिथंच राहते. ती साधारण वर्षाच्या आत माजावर येते, पुढं वर्षातून दोनदा येऊ शकते. दोन महिन्यांचा गाभणकाळ, आणि प्रत्येक वेळी चार-सहा पिल्लं. ज्या माद्यांना आपण नाकारतो, त्यांचीच पिल्लं दोन वर्षांनी टोळीनं शेळ्यांवर पडतात. मग कुणीतरी रात्री विष घालतं. विष घालून जनावर मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

नसबंदी केलेली मादी राखणीला नराएवढीच चांगली असते. ती माजावर येत नाही, त्यामुळं आखाड्याभोवती दहा नर गोळा होत नाहीत. शिवाय नसबंदी न केलेला नर मादीच्या मागं लांब भटकतो, तसं तिचं होत नाही.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही जबाबदारी २०२३ च्या नियमांप्रमाणं स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. ग्रामपंचायतीही त्यात येतात. प्रत्यक्षात ग्रामपंचायतीकडं डॉक्टर नाही की पिंजरा नाही. तरी ग्रामसभेत हा विषय लेखी मांडता येतो. चार-पाच गावांनी मिळून पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडं शिबिराची मागणी केली, तर एकट्या गावापेक्षा तिला वजन येतं.

सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असं सांगितलं. त्याच आदेशात भटकं कुत्रं दत्तक घ्यायची सोय आहे, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून पुन्हा तिथं न सोडण्याचं सांगितलं आहे. म्हणजे शाळेमागच्या पिल्लांना घर मिळणं आता आणखी गरजेचं झालं आहे.

गावातलं पिल्लू घ्यायचं तर

- पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. तोवर आईला रोज भाकरी-पाणी घाला. आई ओळखीची झाली की पिल्लूही माणसाळतं.
- सगळ्यात दांडगं पिल्लू उचलू नका, आणि कोपऱ्यात दडणारंही नको. हाक मारल्यावर जवळ येणारं, डोळे-नाक स्वच्छ असलेलं बघा.
- आणल्या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध आणि पार्वोसहितची एकत्रित लस सुरू करा. ही लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते, एका डोसवर भागत नाही. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, आणि पुढं दरवर्षी. कार्ड जपून ठेवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाबद्दल विचारा.
- नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू पोसत नाही. गाई-म्हशीच्या दुधानं काहींना हगवणही लागते. वरण, अंडं, शिजवलेलं मांस थोडं थोडं द्या. शिजवलेली कोंबडीची हाडं घालू नका, ती आतड्यात टोचतात.
- सहा महिन्यांच्या पुढं डॉक्टरांना विचारून नसबंदी करा. ही शस्त्रक्रिया प्रत्येक सरकारी दवाखान्यात होत नाही, त्यामुळं आधी चौकशी करा. खासगीत काही हजार लागतात.
- दिवसभर बांधायचंच असेल तर साखळी लांब ठेवा, सावली आणि पाणी पोहोचेल अशी, आणि रोज मोकळं सोडा. कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा धरला आहे. सांभाळणं होत नाही म्हणून उपाशी सोडून देणं, हाही.

पिल्लानं खेळता खेळता दात लावला, तरी जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून देऊ नका. हळद-चुना लावत बसू नका.

विकतच घ्यायचं असेल तर

जाहिरातीवर पैसे टाकू नका. जिथं पिल्लू जन्मलं तिथं जाऊन आई बघा, लसीचं कार्ड बघा, आठ आठवडे झालेत का बघा. आणि काम ओळखून जात निवडा. कारवानी हे नजरेनं शिकार हेरून पळणारं कुत्रं आहे, ते एका जागी बसून राखण करायला जन्मलेलं नाही. ससा-हरणामागं सोडलं तर वन्यजीव कायद्याखाली मालक अडकतो. जाड केसांच्या विदेशी कुत्र्याला आपल्याकडचा मे महिना सोसत नाही. गावठी कुत्रं याच मातीत, याच उन्हात टिकून राहिलेलं आहे. परका पाऊलवाटेवर आला की त्याला ते आधी कळतं.

कंधार तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर आता कुत्रं आहे. शाळेच्या खोलीतल्या उरलेल्या दोन माद्यांपैकी एक त्याच्या बायकोनं आणली. पोराचा सुरुवातीला विरोध होता. लसीचे दोन डोस झालेत, तिसरा बाकी आहे. घरच्यांनी तिचं नाव बानू ठेवलंय.

दुसरी मादी अजून शाळेमागंच आहे.