खोक्याची फट, हरवलेला ठेका
माळ्यावरून उतरवलेला जुना स्पीकर किरकिरतो, तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. दोष बहुधा खोक्याचा. स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. सांध्याला फट असेल तर खर्जाच्या लहरी वळसा घालून एकमेकींना खोडतात. बंद खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंगच! १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी याच जोरावर छोट्या खोक्यातून दमदार खर्ज काढला.

पार्टिकल बोर्ड दमट हवेत फुगतो, सांधे उकलतात. त्यांत लाकडाचा गोंद भरून क्लॅम्प रात्रभर आवळा; झडलेला कोपरा गोंदात भुसा कालवून लिंपा. सनमायका नंतर, ती हौस. आता कोन हलकेच दाबून सोडा. सावकाश परतला, तर खोकं हवाबंद. मुळातच गोल भोक ठेवलेल्या खोक्याला मात्र ही परीक्षा लागू नाही, आणि ते भोक बुजवायचंही नाही.